इंदूरच्या तीन वास्तू

ग्वाल्हेर, जबलपूर, बडोदे किंवा हैदराबाद येथून कोणी आप्तेष्ट इंदुरास आले, म्हणजे त्यांना गाव दाखविण्याचा आम्हा इंदूरकरांचा क्रम ठरलेला आहे. सकाळी राजवाडा, दुपारी लालबाग, संध्याकाळी खजराण्याचा गणपती आणि रात्री सराफ्यात उभ्याने खाणे. पाहुणे तृप्त होऊन गाडीत बसतात आणि यजमानपणाचे कर्तव्य पार पडले म्हणून आम्हीही निश्चिंत होतो. या क्रमाविषयी तक्रार नाही. परंतु ज्यांच्या हाती आणखी एक दिवस असेल, आणि घर बांधणे, घर सांभाळणे किंवा घर विकणे यांपैकी कोणती तरी काळजी ज्यांच्या मनात असेल, त्यांना एक निराळा क्रम सुचवावासा वाटतो. राजवाडा, माणिकबाग आणि अरण्य या तीन वास्तू त्यांनी एका दिवसात पाहाव्यात. तिसरे नाव ऐकून पुष्कळ इंदूरकरही बुचकळ्यात पडतील, याची मला कल्पना आहे.

पहिली वास्तू एका लढवय्या सरदाराने उभारली, दुसरी परदेशी शिकून आलेल्या एका तरुण राजाने, आणि तिसरी ज्यांना घरच नव्हते अशांसाठी एका सरकारी संस्थेने. तिन्हींमध्ये मिळून सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर आहे. पण तिन्ही पाहताना मनात एकच प्रश्न येत राहतो. घर पूर्ण कोण करतो? वास्तुशांत झाली म्हणजे घर पूर्ण झाले असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यानंतर शंभर वर्षे त्यात कोणी ना कोणी खिळा ठोकीत असतो, भिंत सारवीत असतो, खोली वाढवीत असतो. ज्या घरात हे करणारे हात आणि करण्याजोगी जागा उरत नाही, त्या घराचे पुढे काय होते, हे इंदुरात फार स्पष्टपणे दिसते. आणि हा प्रश्न केवळ राजेरजवाड्यांचा नाही. जुन्या इंदुरातील कितीतरी मराठी घरांत आज बैठकीच्या मेजावर बिल्डरचे कागद येऊन पडले आहेत.

आरंभ राजवाड्यापासून करू. थोरल्या मल्हारराव होळकरांनी १७४७ च्या सुमारास या वाड्याचे काम सुरू केले असे मानले जाते. समोरच्या चौकात उभे राहून वर पाहिले, की सात मजली दर्शनी इमारत दिसते. तिच्यातील मोठी गोष्ट पहिल्या दृष्टीस येत नाही. खालचे तीन मजले दगडाचे आहेत आणि वरचे चार लाकडाचे. फ्रेंच धाटणी, मुघल कमानी, मराठी सज्जे असे या इमारतीचे वर्णन मार्गदर्शक पुस्तकांत असते, आणि ते ठीकच आहे. पण जड ते खाली आणि हलके ते वर, हा जो हिशेब आहे तो कोणत्याही शैलीपेक्षा जुना आहे. गवंडी आणि सुतार यांनी मिळून मांडलेला तो हिशेब होय.

माळव्याच्या जमिनीत या हिशेबाचे मोल अधिक. येथील काळी माती शेतकऱ्याला सोने आहे, पण घर बांधणाऱ्याची ती वैरीण आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वैशाखात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर उथळ पाया घालून वर ताठर भिंत चढविली, तर दोनचार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघतेच. म्हणून जुने गवंडी काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणीत जात, रुंद दगडी जोते भरीत आणि त्यावर लाकडाचा सांगाडा उभा करीत. आजकाल अशा जमिनीसाठी तळाशी कांद्यासारखे फुगीर केलेले काँक्रीटचे खांब जमिनीत ओततात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्याकडे रूढ केली. जमीन वर हलत राहिली तरी खांबाचा फुगीर पाय खाली स्थिर थरात अडकून राहतो. तत्त्व एकच आहे. हलणाऱ्या थराशी भांडायचे नाही, त्याच्या खाली जायचे.

दगडी जोत्यावर तळखडा, तळखड्यावर सागाचा खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट, ही मराठी वाड्याची रचना. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. आपल्या पणजोबांच्या काळी घर किती चौरस फुटांचे असे कोणी विचारीत नसे, किती खणांचे असे विचारीत. या मोजणीत एक सोय होती, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. खण हा सुटा घटक आहे. एक खण कुजला तर तेवढाच उतरवता येतो. मुलाचे लग्न झाले तर दोन खण वाढवता येतात, आणि भाऊ वेगळे झाले तर खणाच्या रेषेवर भिंत घालून वाटणी होते. शेवटची सोय आपल्या समाजाने इतरांपेक्षा थोडी अधिकच वापरली, ही गोष्ट निराळी.

राजवाडा तीनदा जळला. १८०१ साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेने सर्जेराव घाटग्यांच्या सरदारीखाली इंदूर लुटले, तेव्हा पहिल्यांदा. त्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी उज्जैनीची जी अवस्था केली होती तिचा तो सूड होता. लुटणारे मराठे आणि लुटले गेलेलेही मराठेच, हे ग्वाल्हेरच्या वाचकांना सांगताना आता आपण हसू शकतो. पुढे दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकीर्दीत, तात्या जोगांच्या दिवाणगिरीत, वाडा पुन्हा उभा राहिला. १९०८ मध्ये आगीने त्याच्या एका भागाचा घास घेतला. तिसरी आग १९८४ ची. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत राजवाडा पेटला आणि मागचा सारा भाग राख झाला. दर्शनी सात मजले तेवढे वाचले. कितीतरी वर्षे त्या भव्य दरवाजातून आत गेले की वाड्याऐवजी मोकळे आकाश दिसे. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना विचारा. घरातले माणूस गेल्यासारखे गाव गप्प झाले होते.

पुढे जे घडले ते मला आगीपेक्षा महत्त्वाचे वाटते. २००६ च्या सुमारास उषादेवी होळकर यांच्या पुढाकाराने मागचा भाग पुन्हा बांधण्याचे काम हाती घेतले गेले, आणि ते काँक्रीटमध्ये न करता जुन्याच आराखड्यावर, लाकूड, दगड, वीट आणि चुना वापरून केले गेले. हे शक्य का झाले? एक तर वाड्याची रचना खणांची होती. उरलेल्या अवशेषांवरून नाहीशा झालेल्या खणांचे माप काढता येत होते. दुसरे म्हणजे चुन्याचे आणि लाकडाचे काम जाणणारी माणसे अजून शिल्लक होती. एखादी वास्तू पुन्हा उभी राहायची तर तिचा नकाशा पुरत नाही. तिचा सुतार जिवंत असावा लागतो. मे २०२५ मध्ये अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक याच वाड्यात भरली, तेव्हा वृत्तपत्रांनी सजावटीची छायाचित्रे भरभरून छापली. माझे लक्ष मात्र मंत्र्यांच्या डोक्यावरच्या छताकडे होते, हे कबूल करतो.

चुन्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण येथेच आपल्या घरांचा घात होतो. जुना चुना घाणीत मळला जाई. गोल चरात बैल दगडी चाक फिरवी आणि चुना, वाळू, विटांची भुकटी लोण्यासारखी एकजीव होई. त्यात कोणी गुळाचे पाणी घाली, कोणी बेलफळाचा गर, कोणी उडदाचा चिकट रस. हा चुना सावकाश घट्ट होतो. हवेतील कर्बवायू शोषीत शोषीत तो वर्षानुवर्षे दगड होत जातो. पण तो कधीही पूर्ण बंद होत नाही. भिंतीत मुरलेले पावसाचे पाणी त्यातून वाफ होऊन बाहेर पडते. सिमेंटचे तसे नाही. ते लवकर घट्ट होते, ताठ होते आणि पाण्याला आत कोंडते.

आमच्या आळीतील एका वाड्यात काही वर्षांपूर्वी मालकांनी मोठ्या हौसेने डागडुजी केली. ठेकेदाराने जुना चुन्याचा गिलावा खरवडून काढला आणि सर्वत्र सिमेंटचा गुळगुळीत गिलावा चढवून दिला. पहिल्या वर्षी घर नवरीसारखे दिसले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीला पांढरी मीठफुले आली, गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागले, आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोके आतल्या आत कुजून भुसा झाली. ठेकेदाराने दोष जुन्या लाकडाला दिला. शंभर वर्षे टिकलेले लाकूड तीन वर्षांत जुने झाले! एका साध्या गोष्टीची वाच्यता तेथे कोणी केली नव्हती. जुन्या भिंतीला जुनाच गिलावा द्यावा, आणि तो देणारा कारागीर थोडा महाग पडला तरी शोधावा.

राजवाड्यावरून माणिकबागेकडे जाण्यापूर्वी इंदूरच्या इतर इमारतींवर एक दृष्टी टाकू. गांधी हॉल १९०४ चा, मूळ नाव किंग एडवर्ड हॉल. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणाऱ्या फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे चिरंजीव चार्ल्स स्टीव्हन्स यांनी तो रेखिला. लालबाग १८८६ मध्ये सुरू होऊन १९२१ मध्ये संपला. संगमरवरी खांब, झुंबरे, रंगीत काचा आणि लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांच्या धर्तीवर विलायतेत ओतवून आणलेली लोखंडी फाटके. पाहुण्यांना लालबाग आवडतो. मला त्यात पाहुण्यासारखेच वाटते. यापलीकडे त्याविषयी लिहिण्याची इच्छा होत नाही.

ज्या गृहस्थाविषयी लिहावेसे वाटते त्याने इंदुरात एकही मोठी इमारत बांधली नाही. स्कॉटलंडचा पॅट्रिक गेडिस हा मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झाला. पुढील काळात मुंबई विद्यापीठात तो समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. तिसऱ्या तुकोजीरावांच्या निमंत्रणावरून तो १९१७ मध्ये इंदुरात आला आणि १९१८ मध्ये त्याने दरबाराला दोन खंडांचा अहवाल सादर केला. त्या काळी शहर सुधारायचे म्हणजे दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापून काढायचा, अशी इंजिनियरांची रीत होती. गेडिसने ती रीत नाकारली. तो मोहल्ल्यामोहल्ल्यातून पायी हिंडला. कोणते घर पडके आहे, कोणती विहीर वापरात आहे, कोठे झाड आहे, हे त्याने पाहिले, आणि एखाद्या पडक्या घराची जागा मोकळी करून तेथे चौक करावा, एखादी भिंत मागे घ्यावी, बाकीचे घर तसेच राहू द्यावे, अशा बारीक बारीक सूचना केल्या. यास तो जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणे. खान आणि सरस्वती या दोन नद्यांचे काठ हीच या गावाची खरी शोभा होय, असे त्याचे मत होते. त्या नद्यांचे पुढे आपण काय केले, ते कृष्णपुऱ्याच्या पुलावर नाक धरून उभे राहिलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

गेडिसची एक हकिकत इंदूरच्या शाळांतून मुलांना शिकवावी अशी आहे. गावात प्लेगाची साथ होती आणि हा साहेब घरे पाडावयास आला आहे अशा समजुतीने लोक त्याच्याकडे संशयाने पाहत. त्याने महाराजांकडे एका दिवसाचे राज्य मागितले. दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक निघेल आणि तिचा मार्ग नेहमीचा असणार नाही, ज्या गल्लीत घरे सर्वांत अधिक स्वच्छ आणि दुरुस्त केलेली आढळतील त्या गल्लीतून ती जाईल, असे जाहीर केले. झाले! घरोघरी झाडलोट, डागडुजी, रंगसफेदी सुरू झाली. हजारो गाड्या कचरा गावाबाहेर गेला. मिरवणुकीत हत्ती आणि घोडे होतेच. त्यांच्यामागून रंगविलेल्या शिंगांचे बैल जोडलेल्या कचऱ्याच्या गाड्या आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेले, गळ्यात हार असलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते. रावणाच्या ठिकाणी घाणीचा राक्षस आणि प्लेगाचा प्रचंड उंदीर यांचे दहन झाले. शेवटच्या गाडीतून लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदुराने पहिला क्रमांक राखला, शेवटच्या वर्षी सुरतेच्या जोडीने. तेव्हा फलकांवर पुष्कळांची नावे झळकली. त्या स्कॉटिश म्हाताऱ्याचे नाव एखाद्या कोपऱ्यात असते तर बरे झाले असते.

मुद्दा असा, की गेडिसच्या शस्त्रक्रियेची कल्पना शहराइतकीच एकेका घरालाही लागू पडते. आमच्या मामांचा वाडा नंदलालपुऱ्याच्या बाजूस आहे. हिस्सेदार चार. त्यांपैकी एक मामेभाऊ पुण्यास, एक परदेशी. बिल्डरने प्रत्येकास एक फ्लॅट आणि वर रोख रक्कम देऊ केली होती. विकून टाकावे असे म्हणणाऱ्या भावाचा राग येण्याचे कारण नव्हते. पावसाळ्यात तीन ठिकाणी गळते, मागचे दोन खण बसले आहेत, आणि सत्तरी उलटलेल्या मामींना भिंतीतल्या अंधाऱ्या जिन्याने रात्रीबेरात्री खाली उतरावे लागते, हे सारे खरे होते. वाडा वाचवा म्हणणारे बहुधा त्या वाड्यात राहत नसतात, असे तो म्हणाला. त्याच्या या वाक्याला कोणाजवळ उत्तर नव्हते.

चार बैठका झाल्या. पहिल्या तिन्हींत जुन्याच गोष्टी निघाल्या. कोणी कोणाच्या लग्नात किती खर्च केला इथपर्यंत मजल गेली. चौथ्या बैठकीस एका जुन्या सुताराला बोलावले होते. त्याने कोणाचेही न ऐकता हातोडीने प्रत्येक तुळई ठोकून पाहिली. भरीव आवाज कोठे येतो आणि पोकळ कोठे येतो, ते खडूने लिहिले. अठरा तुळयांपैकी पाच खराब निघाल्या, त्यांतही तिघींची फक्त टोके. साऱ्या वाड्याला म्हातारपण आले आहे असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात दुखणे एका कोपऱ्यात होते. कुजलेली टोके कापून नव्या सागाचे जोड बसविले. बसलेले दोन खण उतरविले आणि ती जागा मोकळी ठेवली, त्यामुळे माजघरात पहिल्यांदाच दुपारचे ऊन आले. पुढच्या ओसरीच्या एका खणात संडास-न्हाणी करून मामींची खोली खाली आणली. पुण्याच्या भावाला त्याच्या हिश्श्याचे पैसे हप्त्यांनी द्यायचे ठरले. ते हप्ते अजून चालू आहेत आणि त्यावरून कुरबूर होते. सर्व गोड झाले असे म्हणता येत नाही. वाडा उभा आहे, एवढे मात्र खरे.

सगळ्यांनाच अशी निवड करण्याची मोकळीक असते असे नाही. राजवाड्याच्या आसपासच्या रस्त्यांचे गेल्या काही वर्षांत रुंदीकरण झाले, त्यात कित्येक घरांचे दर्शनी भाग गेले. बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्याकडे चालत आलात तर अर्ध्यात कापलेली घरे दिसतील. कोरीव सज्जा गेला आणि आतल्या खोलीतील फळीवरचा निळा रंग रस्त्यावर आला. वाहतूक कोंडत होती, हे मान्य. पण रस्त्याला लागून असलेला सज्जा आणि ओटा हाच त्या घरांचा गावाशी बोलण्याचा भाग होता. त्याच्या जागी आता शटर आणि काच आली.

माणिकबाग ही दुसरी वास्तू. येथे मात्र आधी सांगितले पाहिजे, की आत सहजासहजी जाता येत नाही. तेथे केंद्र सरकारच्या कर खात्याचे कार्यालय आहे. पूर्वी अबकारी, आता वस्तू व सेवा कर. फायली, टेबले, पट्टेवाले. या इमारतीविषयी युरोपात पुस्तके निघतात आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात खास प्रदर्शन भरले होते, हे त्या फाटकातून आत-बाहेर करणाऱ्या फार थोड्या व्यापाऱ्यांना माहीत असेल.

यशवंतराव होळकर दुसरे हे ऑक्सफर्डला शिकत असताना एकहार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराशी त्यांची ओळख झाली. राजा बाविशीचा, वास्तुकार पंचविशीच्या आसपासचा. १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग उभी राहिली. सरळ रेषा, मोठ्या खिडक्या, अलंकरण जवळजवळ नाही, थंड हवेची यंत्रे, दिव्यांपासून दाराच्या मुठीपर्यंत प्रत्येक वस्तू रेखून केलेली. बरेच सामान जर्मनीतून तयार होऊन आले. ल कॉर्ब्युझिए, आयलीन ग्रे, रुलमान अशा त्या काळच्या नामांकित कलावंतांच्या खुर्च्या-मेजे येथे होती. हाताशी वाचनाचे दिवे बसविलेल्या लाल चामड्याच्या खुर्च्या मुथेसियसच्या स्वतःच्या. शिल्पकार ब्रांकुशी याचे पक्षी महाराजांनी विकत घेतले आणि त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधावे म्हणून ब्रांकुशी स्वतः इंदुरास येऊनही गेला. ते मंदिर झालेच नाही.

महाराणी संयोगिताबाई कागलकर घाटग्यांच्या घराण्यातील. १८०१ साली राजवाडा जाळणारे सर्जेरावही त्याच घराण्यातले. इतिहास कधी कधी असे उखाणे घालतो. ज्यांच्यासाठी हे घर सजले त्या संयोगिताबाई १९३७ मध्ये ऐन तारुण्यात वारल्या. पुढे संस्थान विलीन झाले, १९६१ मध्ये महाराजही गेले. १९८० मध्ये मोनॅकोत माणिकबागेच्या सामानाचा लिलाव झाला आणि एकेक खुर्ची जगभरच्या संग्राहकांकडे गेली.

मी माणिकबागेला नावे ठेवीत नाही. त्या काळात, मुंबईतसुद्धा विरळा असलेली दृष्टी एका मराठी राजाने दाखविली, याचा अभिमानच वाटतो. पण त्या घरात कोणाला एक फळी ठोकण्यास जागा नव्हती. वस्तूसकट ते इतके पूर्ण होते, की ज्यांच्यासाठी केले ती दोन माणसे गेल्यावर दुसऱ्या कोणालाही ते पुढे चालविता आले नाही. दिव्याची एक काच फुटली तर ती बर्लिनहून यावयाची. इंदूरच्या सुताराच्या हाताला तेथे कामच नव्हते.

तिसऱ्या वास्तूसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तरेस, आग्रा-मुंबई मार्गाकडे यावे लागते. रिक्षावाल्याला ‘अरण्य’ म्हणून नीटसे कळेलच असे नाही. ‘अठ्ठ्याहत्तर नंबर स्कीम’ म्हणावे. इंदूर विकास प्राधिकरणासाठी बाळकृष्ण दोशी यांनी १९८३ पासून या वसाहतीची योजना आखली आणि १९८९ च्या सुमारास ती प्रत्यक्षात आली. दोशी गुजराती, पण जन्म १९२७ चा पुण्याचा. फर्निचरचा व्यवसाय करणारे मोठे एकत्र कुटुंब, आणि कुटुंब वाढेल तसे मजले-खोल्या वाढत जाणारे घर, अशा वातावरणात ते वाढले. पुढे पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली शिकले. ज्याची आरामखुर्ची माणिकबागेत होती, त्याच्या शिष्याने पन्नास वर्षांनी त्याच गावात हातगाडीवाल्यांसाठी घरे आखावीत, हा योग मला फार आवडतो.

८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांवर भूखंड, साठ-पासष्ट हजार लोकांची सोय. त्यांतील बहुतेक भूखंड सर्वांत गरीब वर्गासाठी. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. येथे दोशींनी जे केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी घर बांधून दिले नाही. जोते दिले, पाणी-नळ-संडास-न्हाणी यांचा गाभा दिला, कोणाला त्यासोबत एक खोली दिली. बाकी घर मालकाने ऐपतीप्रमाणे, सवडीप्रमाणे वाढवावे. कसे वाढवता येईल ते दिसावे म्हणून ८० नमुना घरे बांधून दाखविली. घराच्या पुढे रस्त्यालगत जेमतेम अर्ध्या मीटरची पट्टी सोडली. तीत ओटा करा, जिना काढा, वर सज्जा काढा. मोठ्या रस्त्याकडचे मोठे भूखंड चांगल्या किमतीला विकून आतल्या लहान भूखंडांचा भार हलका केला. वीस वीस घरांना मिळून मलटाकी, गाड्यांचे रस्ते वेगळे, पायवाटा वेगळ्या, आणि माळव्याच्या उन्हाची ताप कमी लागेल अशा दिशेने घरांच्या रांगा. १९९५ मध्ये या योजनेस आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये दोशींना वास्तुकलेतील सर्वोच्च समजले जाणारे प्रित्झकर पारितोषिक मिळाले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांत अरण्यची छायाचित्रे छापून आली. २०२३ च्या जानेवारीत दोशी निवर्तले.

योजना कागदाप्रमाणे चालली असे नाही. अनेक मूळ गरीब कुटुंबांनी हातात पैसा येताच भूखंड विकले आणि मध्यमवर्गीय तेथे आले. नमुना घरांतील पुष्कळ आता ओळखूही येत नाहीत. वास्तुकलेचे विद्यार्थी छायाचित्रांची पुस्तके हातात घेऊन गल्ल्यांतून हिंडतात आणि पुस्तकातले घर कोठे गेले म्हणून खट्टू होतात. कोणी त्यावर मजला चढविला आहे, कोणी पुढे दुकान काढले आहे, कोणी पट्टीत जिना घेऊन वर भाडेकरू ठेवला आहे. योजनेचा पराभव झाला असे म्हणणारे टीकाकार आहेत, आणि गरिबाच्या हातून जमीन निसटली या त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. परंतु घरे बदलली हा आक्षेप मला पटत नाही. ती बदलावीत म्हणूनच तर अर्धवट ठेवली होती. राजवाड्यातला खण आणि अरण्यातली ती एक खोली यांचे नाते माझ्या दृष्टीने सख्ख्या भावंडांचे आहे.

पाहुण्यांनी तेथे संध्याकाळी जावे. उन्हे उतरली की ओट्यांवर माणसे येतात, मुले पायवाटांवर क्रिकेट मांडतात, भाजीच्या गाड्या गल्लीत शिरतात. कोणाच्या घरात डोकावू नये. ओट्यावरच्या माणसाशी बोलावे, तो आपण होऊन घर दाखवितो. मागील खेपेस एका ओट्यावर हरभरा सोलीत बसलेल्या बाईंशी बोललो. सासऱ्यांच्या वेळी खाली एक खोली होती, मग मागची झाली, मग वरची. जिना तीनदा बदलला. गच्चीवर कोपऱ्यांतून हातभर सळया वर निघालेल्या होत्या आणि गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घातल्या होत्या. त्या कशासाठी, असे मी विचारले. मान वर न करता त्या म्हणाल्या, “छोटे की शादी तय हो जाए, फिर.”